बिनचहाचे साहेब

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, तेहतीस वर्षं डेअरीत दूध तपासत होते. कॅन समोर आला की झाकण उघडायचं, दूध ढवळायचं, नमुना काढायचा, त्यात मोजायची नळी सोडायची आणि आकडा लिहायचा. दुधात पाणी असलं तर तोंडातून एकच शब्द, "परत." मग कॅनवाला हातापाया पडो नाहीतर सात पिढ्यांचा उद्धार करो, भावजी पुढच्या कॅनचं झाकण उघडत.

त्यांचा एक नियम होता. ज्याचं दूध तपासायचं त्याच्या घरचा चहा प्यायचा नाही. ऐकायला छान वाटतं हो! पण आमच्या गावात तेव्हा दारात जनावर नाही असं घर शोधून सापडत नव्हतं. म्हणजे चहा कुणाकडेच नाही. लग्न असो की मयत, हे दारात उभे राहणार, हात जोडणार आणि परत फिरणार. लोकांनी नावच पाडलं, बिनचहाचे साहेब. माझ्या ताईने संसार केला तो या नियमाबरोबर. सुरुवातीला ती एकटी जायची लोकांकडे. मग लोक विचारायचे, साहेब नाही आले? मग तीही जायची बंद झाली.

मी एकदा चिडून म्हटलं, "भावजी, एका कपाने दुधाची फॅट वाढते का हो?"

"दुधाची नाही वाढत," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना वाढलेली दिसते."

माणूस चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. डेअरीच्या फाटकाशी कुणी आपली अडचण सांगायला थांबवलं, की ते म्हणायचे, "दूध थांबत नाही. माणसं थांबतात." आणि माणसं थांबायची. दुपारी बारापर्यंत उन्हात उभी राहायची. सगळे कॅन झाल्यावर भावजी हात धुऊन बाहेर येत, आणि मग मात्र एकेकाचं म्हणणं नीट ऐकून घेत. तेही तितकंच खरं आहे, म्हणून सांगते.

ते रिटायर झाले आणि वर्षभरात ताईने अंथरूण धरलं. मूलबाळ नाही. मी पलीकडच्या गल्लीत राहते, माझं बटणं-दोऱ्याचं दुकान आहे, मला दिवसभर बसता येईना. तेव्हा घाई आली. नाव तिचं वेगळंच होतं, आमच्या जिभेला न वळणारं. ती दूरच्या मुलखातून आली होती. पुरात गाव गेलं, घरचं कुणी उरलं नाही, आणि मग इकडेतिकडे करत आमच्याकडे. चालायची ती पळाल्यासारखी, भांडी घासायची ती कुणी मागे लागल्यासारखी. ताई पडल्यापडल्या ओरडायची, "अगं, काय घाई आहे?" तेच नाव पडलं.

आपली भाषा ती ताईकडून शिकली. आजारी माणसाकडून शिकली, म्हणून तिला आधी कण्हणं आलं, मग शिव्या आल्या, आणि बोलणं सगळ्यात शेवटी. एकदा मी दुकानातून थकून आले तर म्हणते, "आलीस का भवाने, बस, पाठ टेक." ताई पलंगावर पोट धरून हसत होती. किती दिवसांनी हसली होती ती!

चार वर्षं घाईने तिचं सगळं केलं. उचलणं, बसवणं, धुणं, भरवणं. मी सख्खी बहीण, पण माझ्याच्याने झालं नसतं, खोटं कशाला बोलू. दुपारी चार वाजता ती तिघांचा चहा करायची. भावजी पलंगाशेजारी स्टूल ओढून बसत आणि तो चहा पीत. घाईच्या घरी तपासण्यासारखं दूधच नव्हतं ना! त्या चार वर्षांत त्या माणसाने दुसऱ्याच्या हातचा जेवढा चहा प्याला, तेवढा आधीच्या साठ वर्षांत नसेल प्याला.

ताई गेली. तेरा-चौदा दिवस आम्ही तिघं त्या घरात नुसतं एकमेकांकडे बघत होतो. मग मी दुकान उघडलं, घाई रोजच्यासारखी सकाळी यायला लागली, आणि चार वाजता चहा पुन्हा सुरू झाला. दोघांचा. बोलायचे नाहीत म्हणे फारसं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, ते त्याच स्टुलावर. रिकाम्या पलंगाशेजारी.

आता खरी गोष्ट.

घाईचा परवाना होता आजारी माणसाच्या सेवेसाठी. आजारी माणूस गेलं, परवाना संपला. नवा मिळायचा तर परवाना कचेरीत सुनावणी. आणि त्या वेळी ती ज्या घरात कामाला होती त्या घरमालकाचं सहीचं पत्र पाहिजे, की ही बाई इतकी वर्षं आमच्याकडे होती, वागणूक चांगली होती, आम्हाला ती अजून हवी आहे. ते असलं तर राहा. नसलं तर निघा. एवढं सरळ होतं.

त्याच महिन्यात आमच्या नगरसेवकाने नगरभवनाच्या पायऱ्यांवर भाषण ठोकलं. बाहेरून आलेली ही माणसं आपल्या घरात राबतात, ती आपलीच आहेत. कचेरीचा माणूस कागद न दाखवता दारात आला तर दार उघडू नका. आणि घरमालकांनो, गप्प बसू नका, यांच्यासाठी पत्रं लिहा, सह्या करा! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी विरुद्ध बाजूने तक्रार केली. कायद्याची शपथ घेतलेल्या माणसाने दार उघडू नका सांगणं हा पदाचा गैरवापर आहे म्हणे. शिवाय त्याच्या मेव्हण्याची धुलाईची मोठी लॉण्ड्री आहे, तिथे हीच माणसं राबतात, तेव्हा हा पुळका माणुसकीचा नसून इस्त्रीचा आहे.

तक्रार गेली नीतिसमितीकडे. समितीत तीन जण, एक निवृत्त न्यायाधीश, एक कॉलेजातल्या बाई, आणि तिसरा गावातला कुणीतरी साधा, निष्कलंक नागरिक. आता आमच्या गावात धुतल्या तांदळासारखा माणूस कोण, हे काय शोधायला पाहिजे होतं? दोन्ही बाजूंनी एकमताने नाव दिलं.

समितीवर नेमल्याचं पत्र आलं त्या दिवशी भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. ताई गेल्यावर पहिल्यांदा. मला बरं वाटलं. वाटलं, चला, घरातून बाहेर तरी पडतील.

दुसऱ्या दिवशी घाईने चार वाजता चहा आणला, तर म्हणाले, "नको."

"बरं नाही?" तिने विचारलं.

"बरा आहे. निकाल लागेपर्यंत नको."

ती माझ्याकडे दुकानात आली. चेहरा एवढासा झालेला. "साहेब चहा घेत नाहीत. मी काय केलं?" मी तशीच दुकानाची फळी अर्धी लावून तरातरा गेले. भावजी स्टुलावर बसले होते, मांडीवर समितीचे कागद.

"हे काय नवीन?"

"प्रकरण बाहेरून आलेल्यांचं आहे. ती बाहेरून आलेली आहे. तिच्या हातचा चहा पिऊन मी त्यावर मत देऊ?"

"अहो, प्रकरण त्या नगरसेवकाचं आहे! तिचं नाही!"

"प्रकरणाबद्दल बोलायचं नाही," ते म्हणाले आणि कागदात तोंड घातलं.

त्याच आठवड्यात घाईने पत्र मागितलं. सुनावणीला तेव्हा बावीस दिवस होते. मी तिथेच होते, म्हणून शब्द न् शब्द सांगू शकते. ती उंबऱ्यावर उभी राहिली, ओढणीला हात पुसत, आणि एका दमात म्हणाली, "साहेब, एक सही पाहिजे." सगळं समजावून सांगितलं तिने, ताईच्याच भाषेत.

भावजींनी चष्मा काढला. "देईन," म्हणाले. "पण आत्ता नाही. त्याने भाषणात हेच सांगितलं ना, पत्रं लिहा? त्याचाच निवाडा करताना मी त्याचंच ऐकून सही केली, तर माझ्या निवाड्याला काय किंमत? निकाल तुझ्या सुनावणीच्या चार दिवस आधी आहे. निकाल लागला की त्याच दुपारी सही. थोडं थांब."

"थांबते," ती म्हणाली.

माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, मग मी देते पत्र. लिहिलंसुद्धा, कचेरीत नेऊनही दिलं. खिडकीतल्या मुलीने वाचलं आणि परत सरकवलं. घरमालक पाहिजे. तुम्ही कोण? मी म्हटलं, मेलेल्या बाईची बहीण. तर म्हणे, तो रकाना नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी तारीख पुढे गेली. आणि मागितली कुणी? नगरसेवकाच्याच वकिलाने! नगरसेवक साहेबांचा दौरा होता. ठिकठिकाणी भाषणं होती, बाहेरून आलेल्यांच्या हक्कांवर. आठवडाभर पुढे. म्हणजे सुनावणीनंतर तीन दिवसांनी निकाल.

मी भावजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. विनवलं, भांडले, ताईची शप्पथ घातली. होय, तेही केलं, करायला नको होतं. ते पांढरेफटक पडले. पण म्हणाले, "तारीख हलली म्हणून माप हलवता येत नाही. कचेरीसुद्धा पुढची तारीख देईल तिला. मागायला सांग. माणसं थांबतात."

"माणसं थांबतात, कचेऱ्या नाही थांबत!" मी ओरडले. शेजारीपाजारी खिडक्या उघडल्या असतील. उघडू देत.

सुनावणी सात मिनिटांत आटपली. पत्र आहे का? नाही. पुढची तारीख? मिळणार नाही. दोन दिवसांत निघा.

जायच्या दिवशी सकाळी ती भावजींच्या घराची किल्ली द्यायला माझ्या दुकानात आली. आधी भावजींकडे गेली होती. पण दाराला कुलूप, ते समितीच्या बैठकीला गेले होते. एक पिशवी, एक गुंडाळलेली चादर. मी तिला बसवलं. आणि मी मूर्खासारखी तिच्या स्वेटरला निघालेलं बटण लावायला घेतलं.

"राग आलाय का गं त्यांचा?"

तिने जराही न थांबता नाही म्हणून मान हलवली. "साहेब खोटं बोलत नाहीत. देईन म्हणाले. दिलं असतं." मग म्हणाली, "दूध गॅसवर ठेवून पेपर वाचतात. त्यांना सांगा, समोर उभं राहायचं."

आणि गेली. नेहमीसारखीच, पळाल्यासारखी. तिच्या पाठीमागे मी दुकानात बसून इतकी रडले की गिऱ्हाईक परत गेलं.

निकाल लागला. नगरसेवक निर्दोष. भावजींचं मत त्याच दुपारच्या पेपरात चौकट करून छापलं होतं. मी ते पाठ होईल इतक्या वेळा वाचलंय. "वक्त्याचा मेव्हणा कोण हे मी तपासलं. त्यात त्याचा फायदा आहे, हे खरं आहे. परंतु दूध कुणाच्या गोठ्यातलं आहे हे पाहून ते चांगलं की वाईट ठरत नाही. तो जे बोलला ते कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि योग्य आहे. बोलणं हा गुन्हा नाही. समोर दिसत असून गप्प बसणं हा गुन्हा झाला असता."

पेपर घेऊनच मी त्यांच्याकडे गेले, तोंडावर फेकायला. दार उघडंच होतं. भावजी टेबलाच्या खणापाशी उभे होते, हातात एक पाकीट. मला म्हणाले, "एवढी सही करतो, मग हे घेऊन चल. कचेरी पाचला बंद होते."

त्यांना माहीतच नव्हतं! बैठका, कागद, आणि कुणाशी बोलायचं नाही हा नियम. सुनावणीनंतर मीही रागाने त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. किल्ली मी खुंटीला लावली होती ती त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना वाटत होतं तिला पुढची तारीख मिळाली असणार.

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. मी पाकीट उघडलं. तिने सही मागितली त्याच दिवशीची तारीख होती पत्रावर. सगळं लिहून ठेवलं होतं, फक्त सहीची जागा कोरी. त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात. चार वर्षं दोन महिने. उशीर दोनदा, दोन्ही वेळा पाऊस. माझ्या पत्नीला तिने कधी एकटं मरू दिलं नाही. असंच लिहिलं होतं, कधी एकटं मरू दिलं नाही.

बैल गेला आणि झोपा केला, हे मी म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते समितीच्या कारकुनाकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, की असं पत्र दिलं असतं तर चाललं असतं का. तो बिचारा गोंधळला. "अहो साहेब, त्यात काय? एक ओळ लिहून कळवलं असतंत की झालं. न्यायाधीश साहेबांनीच त्यांच्या माळ्यासाठी दिलं होतं मागच्या महिन्यात." भावजींनी का नव्हतं विचारलं? कारण विचारणं म्हणजे सवलत मागणं. तेहतीस वर्षांत एकदाही मागितली नव्हती.

त्या आठवड्यात मी रोज डबा घेऊन जायची आणि रोज तो परत आणायची. चार वाजले की घड्याळाकडे बघायचे आणि मान फिरवायचे. घर इतकं गप्प की नळाचा थेंब मोजता यावा.

मग नगरसेवक आला. आभार मानायला. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. त्याला कुठूनतरी सगळं कळलं होतं. आमच्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजतो? फार वाईट वाटलं म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, घाईच्या सुनावणीच्या निकालावर महिनाभरात अपील करता येतं. पत्र तो स्वतः वरच्या कचेरीत नेऊन देईल, त्याच्या शब्दाला वजन आहे. फक्त एक विनंती. शनिवारी पायऱ्यांवर सभा आहे. भावजींनी तिथे यावं, आणि झालं ते आपल्या तोंडाने सांगावं.

"आणि नाही आलो तर?" भावजींनी विचारलं.

"तर... पत्र पोस्टानेही पाठवता येतं," तो म्हणाला आणि गोड हसला.

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. "बघितलंत? हा तुमचा निर्दोष! लोक काय म्हणतील कळतंय का? आठ दिवसांपूर्वी ज्याला सोडला त्याच्याच मांडवात उभे राहणार? तेहतीस वर्षांचं नाव धुळीला मिळेल."

भावजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो आहे तसाच आहे. मी निकालात तेच लिहिलंय. पण तो बोलला तरी. माझं नाव सांभाळत मी काय केलं?"

शनिवारी ते गेले. तोच इस्त्रीचा शर्ट. मी मागे गर्दीत उभी होते. त्यांना भाषण कुठलं यायला! दूध तपासणाऱ्याला एकच शब्द येतो. माइकसमोर उभे राहून म्हणाले, "एका बाईने माझ्या पत्नीची चार वर्षं सेवा केली. तिला एक सही पाहिजे होती. ती माझ्याकडे होती. मी दिली नाही. तिला परत आणा." एवढंच. परत, हा शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता.

खाली उतरले तर नगरसेवकाने सगळ्यांसमोर चहाचा कप पुढे केला. कॅमेरा तयारच होता. त्या वेळी अर्धं गाव त्या कपाकडे बघत होतं, मी शप्पथेवर सांगते. डेअरीतले जुने कॅनवाले होते, त्यांची पोरं होती. भावजींनी कप घेतला आणि शेवटपर्यंत प्याले. माझ्या शेजारी कुणीतरी हसून म्हणालं, "घ्या! शेवटी बिनचहाचेही प्यालेच." दुसरा म्हणाला, "निकालाच्या आधीच ठरलं असेल रे." मी वळून त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पत्र गेलं. नगरसेवकाने नेलं, दिल्याची पावतीही आणून दिली. तेवढा शब्द पाळला मेल्याने. आता रस्त्यात लोक भावजींना मुद्दाम हाक मारतात, "काय साहेब, चहा?" ते थांबतात, आणि कुणी खरंच दिला तर पितातही. पण तो हसून विचारलेला चहा असतो. घरी येऊन पुन्हा त्याच स्टुलावर.

घाईचा पत्ता कुणाकडे नाही. उत्तर आलं तर ते कचेरीतच येणार. म्हणून ते रोज सकाळी कचेरीत जातात. बाकावर बसतात. ती रकानेवाली मुलगी खिडकीतून म्हणते, "आजोबा, थांबा." पाच वाजता खिडकी बंद होते, मग उठतात. गुडघे धरतात, डबा तसाच परत येतो. एकदा मी तिथेच जाऊन त्यांचा हात ओढला. "झालं ते झालं. पत्र गेलंय. इथे बसून काय होणार आहे? घरी चला."

"तिला मी बावीस दिवस थांबवलं," ते म्हणाले. "माझे अजून अकराच झालेत."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. दुसरं काय करणार?

बाविसावा दिवस गेल्या गुरुवारी झाला. मी मनात म्हटलं, सुटले. शुक्रवारी सकाळी दुकानाची फळी काढत होते, तर भावजी समोरून चालले होते, कचेरीच्या रस्त्याने.